गारांत टाकलेला तवा

गारपिटीचा इशारा मोबाइलवर आला: घराबाहेर पडू नका. वाचताना माकणीतलं चुलत्यांचं घर आठवलं. शेतात ज्वारी काढणीला आलेली आणि बोराएवढ्या गारा सुरू झाल्या. अंगणात तवा पालथा टाकला की गारा थांबतात, अशी तिकडं समजूत होती. काकू तवा घेऊन निघाल्या.

"अगं, डोक्यावर तरी धर त्यो!" काका ओरडले.

"डोक्यावर धरल्यावर गारा कशा थांबत्याल?" काकू हसल्या.

अंगणातला तवा टणटण वाजू लागला. दारात उभ्या आम्हा मुलांना गंमत वाटली. आता वाटतं, कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. गारा कमी झाल्या का, हे बघायला काकूंनी मान वर केली.

ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पिकली. काकूंनी ती एका डोळ्यानं पाहिली.