निळ्या झाकणाचा सी-अर्चिन

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या कॉलेजात आम्ही प्राणिशास्त्र शिकलो ते बाटल्या बघून. निळ्या झाकणाची बाटली म्हणजे सी-अर्चिन, समुद्रातला काटेरी गोळा. आमच्याकडचा तर काटे झडलेला, टक्कल पडलेला. तडा गेलेली बाटली म्हणजे तारामासा. आतल्या प्राण्याकडे बघतंय कोण!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळे नमुने बाटल्यांतून काढून ट्रेमध्ये मांडले. आमची वाट लागली. माझ्यासमोर एक चपटी चकती आली, पाठीवर पाच पाकळ्या. पाच दिसले म्हणून मी तारामासा लिहिलं.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तीच चकती उचलली. "हासुद्धा सी-अर्चिनच. याचे पूर्वज गोल होते. वाळूत राहून पिढ्यान्‌पिढ्या चपटे होत गेले. ही बारीक लव म्हणजे त्याचे काटे. तीन वर्षं बघितलंत काय?"

माझं डोकंच फिरलं. "जे दाखवलं तेच बघितलं, सर!"

परीक्षक आमच्या सरांकडे वळले. "हिला जरा गोल अर्चिन दाखवा."

सरांची नजर या ट्रेवरून त्या ट्रेवर फिरत राहिली. मग त्यांनी हळूच शिपायाला विचारलं, "ती निळ्या झाकणाची बाटली कुठे ठेवलीस रे?"