डंक बंद असताना

सुभेदार पाचव्या पावलावर थांबले आणि म्हणाले, "बस. हितनं फुडं काय समजत न्हाई."

मी वहीत पाच लिहिलं. बागेतल्या बाकावर बसलेला आमचा शिपाई दगडू नेहमीच्या आवाजात गावांची नावं वाचत होता, आणि सुभेदारांनी एकेक पाऊल मागे जात ती परत म्हणून दाखवायची होती. सत्तरच्या दशकात साताऱ्यात मी नगरपालिकेचा ओव्हरसियर होतो. आवाज मोजायचं मीटर आमच्याकडे नव्हतं. तसं मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कान आहेत ना? रिपोर्ट द्या." म्हणून ही पावलांची युक्ती.

तक्रार होती बागेला लागून असलेल्या शेवंताबाईंच्या डंकाबद्दल. डंक म्हणजे मोटारीवर चालणारं मिरची कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला बायकांची रीघ लागते, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत धाडधाड चालतं. बागेत बसणाऱ्या पेन्शनरांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, असा अर्ज होता. पहिली सही सुभेदारांची. ते तोफखान्यातून त्याच वर्षी रिटायर होऊन आलेले. शिस्तीचा माणूस, पावलं चोख मोजणारा, म्हणून ऐकायला मी त्यांनाच उभं केलं.

डंक चालू असताना पाचच पावलं ऐकू येतं, म्हणजे त्रास फारच झाला. लायसन रद्द करावं, असा रिपोर्ट मी तयार केला आणि शेवंताबाईंना कल्पना द्यायला गेलो. त्यांचं घर त्या डंकावरच चालायचं. बाईंनी हातातली मिरची खाली ठेवली.

"आवं सायेब, डंक बंद ठिवून मोजलं व्हय?"

नव्हतं मोजलं. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मोटार बंद केली. दगडू वाचू लागला. सुभेदार तिसऱ्याच पावलावर थांबले.

"परत," ते म्हणाले.

परत तीनच. बाकावरचे पेन्शनर जमिनीकडे बघू लागले.

मग ऐकायला मी उभा राहिलो. डंक बंद असताना बावीस पावलं, चालू असताना चौदा. दुसऱ्या खेपेला एक गोष्ट ध्यानात आली. मोटार सुरू झाली की दगडूचा आवाज आपोआप चढायचा, बंद झाली की उतरायचा. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. बाकांवरच्या गप्पांचंही तेच. डंकाच्या आवाजात माणसांचाही आवाज मिसळत होता, आणि सुभेदारांना जे काही ऐकू यायचं ते त्या चढलेल्या आवाजामुळेच.

मुख्याधिकारी म्हणाले, "म्हणजे डंकाचा त्रास आहे की नाही?"

"आहे साहेब. पण लायसन घालवण्याएवढा नाही. त्यांचं मागचं दार बागेकडे उघडतं. ते बंद ठेवायला सांगू."

बाईंनी त्याच दिवशी दार लावून घेतलं. बागेत बराच फरक पडला. पेन्शनर खूश झाले.

आठवड्याने सुभेदार एकटेच ऑफिसात आले. खुर्चीवर ताठ बसले.

"सायेब, ते दार उघडं ऱ्हाऊ द्या."

"का हो?"

"दार लावल्यापास्नं मंडळी लय हळू बोलत्यात."

मला वाईट वाटलं. खुर्ची जवळ ओढून मी मोठ्याने म्हणालो, "दार राहू द्या बंद. तुम्ही त्यांनाच सांगा ना, जरा मोठ्यानं बोला म्हणून."

सुभेदार टोपीशी चाळा करू लागले. "त्यापरीस अर्ज करणं सोपं हाय, सायेब," ते म्हणाले.

दार बंदच राहिलं. त्यांच्याशी मोठ्यानं बोला म्हणून त्यांच्या दोस्तांना मी स्वतः जाऊन सांगितलं. पुढे उरलेल्या नोकरीत कुणी आवाजाची तक्रार घेऊन आलं, की मी आधी त्याच्याशी थोडं हळू बोलून बघत असे.