श्यामलाची मान

भगवंतराव मूळचे निपाणीकडचे. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत अठरा वर्षं ते कलावंतांचे काळे-पांढरे फोटो छापत होते. कुठल्या छटेला किती शाई सुटावी याची रेघ, म्हणजे कर्व्ह, ते जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या नजरेनं ओढत. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोनांची पट्टी छापायची, खिडकीपाशी धरायची, परत रेघ हलवायची. असे दिवसचे दिवस जात. गिऱ्हाइकं म्हणत, तुमचा काळा म्हणजे मखमल!

त्यांची बायको श्यामला जाऊन अकरा महिने झाले. वर्षश्राद्धाला तिचा मोठा फोटो छापायचा ठरला, तेव्हा मुलगी सुखदा नवं सॉफ्टवेअर घेऊन आली.

"अप्पा, हे यंत्रानं चौकोनांचा काळेपणा मोजतं आणि रेघ आपोआप बसवतं. तुमचे डोळे आता साठीचे झालेत."

"यंत्राला मखमल कळते होय?"

"बघू या की. दोन्हींत आईचाच फोटो छापू."

फोटो परसातला होता. न्हाऊन केस वाळवत बसलेली श्यामला, मान कलती करून हसत होती. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. भगवंतरावांच्या फोटोत चेहरा उजळ, हनुवटीखाली दाट काळोख. नव्यात तो काळोख उकलला होता. कानातली कुडी दिसत होती, मानेला चिकटलेले ओले केस दिसत होते, आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ.

"फोटो कधीचा?" सुखदा कागदावर वाकली.

त्यांनी तारीख काढून पाहिली. डॉक्टरांना गाठ सापडली, त्याच्या चौदा महिने आधीची. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात.

हा फोटो पहिल्यांदा छापून भिंतीवर लावला, त्या दिवशी श्यामला पदराला हात पुसत समोर येऊन उभी राहिली होती.

"अहो, माझी मान कुठे गेली?"

"छपाईतलं तुला काय कळतंय? काळा असाच लागतो."

"सरी, असेल बाई," असं कानडी वळणानं म्हणून ती आत गेली. त्याच महिन्यात घोट अडकतो म्हणाली होती. भगवंतराव खिडकीशी पट्टी धरून उभे होते. मान न वळवताच त्यांनी सांगितलं, कोमट पाणी पी.

एकविसाव्या आणि बाविसाव्या चौकोनातला फरक ओळखणारा माणूस. ती रोज समोर बसून त्यांना ताट वाढत होती.

सुखदानं नवा कागद हळूच बाजूला सरकवला. "अप्पा, जुनाच लावू. लोक येतील, बघतील."

भगवंतरावांनी तो परत पुढ्यात ओढला. बोट गाठीपर्यंत नेलं, पण टेकवलं नाही. शाई अजून ओली होती.

"नवाच लाव," ते म्हणाले. "तिनं विचारलं होतं ना, मान कुठे गेली म्हणून."