मालकाचं बोट

जेबेझ स्टोरने काढलेल्या जहाजाच्या दोऱ्या मोजून घ्याव्यात, असं यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरल्या स्टॅनबी बंदरात म्हणत. म्हणत कसले, मोजतच! जेबेझ पूर्वी शिडं शिवायचा. सुईने अंगठ्याची शीर तुटली, तेव्हापासून जलरंग हाती आले. गावात ज्या घरचा माणूस जहाजावर, त्या घरात चुलीच्या वर जेबेझने काढलेलं ते जहाज टांगलेलं. खाली सही, तारीख आणि त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा.

"काय जेब, मधल्या डोलकाठीची एक दोरी खाल्लीस वाटतं?" धक्क्यावर कुणीतरी टोकायचं.

"तुमच्या कप्तानाने विकली असेल, त्यालाच विचार," जेबेझ मान वर न करता म्हणायचा. मग पुन्हा मोजणी व्हायची, आणि दोरी जागच्या जागी सापडायची.

खोटं होतं ते एकच. माल भरला की जहाज पाण्यात खोल बसतं, आणि ते चित्रात दिसलेलं कुठल्याच मालकाला आवडत नाही. म्हणून चितारी जहाज पाण्याबाहेर बोटभर उचलून काढत. त्या किनाऱ्यावरचे सगळेच काढत, आणि आपापसात त्याला 'मालकाचं बोट' म्हणत. यात फसवणूक आहे असं जेबेझला कधी वाटलंच नाही. कुणाचं चित्र काढताना तोंडावरचे देवीचे व्रण गाळावेत, तसा तो साधा रीतिरिवाज.

त्या ऑक्टोबरात 'प्रुडन्स' लोहखनिज भरून निघाली. मालक गॅल्टसाहेबांना दिवाणखान्यासाठी तिचं चित्र हवं होतं. कप्तान आयझॅक ट्रॅटल हा जेबेझचा लहानपणापासूनचा दोस्त. तो जहाजावरून ओरडला, "जेब, मला जरा बारीक काढ रे! बायको म्हणते, पोट सुटलंय."

"तेवढा कागद नाही माझ्याकडे," जेबेझ म्हणाला. धक्क्यावर हशा पिकला. जहाज गेलं.

तिसऱ्या दिवशी वादळात 'प्रुडन्स' नऊ माणसांसकट बुडाली. एकही परत आला नाही.

चौकशी बसली. जहाज बेताचंच भरलं होतं, कप्तान प्यालेला असणार, असं गॅल्टसाहेबांनी सांगितलं आणि पुरावा म्हणून जेबेझचं चित्र टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यांनी भिंग लावून पाहिलं. तारीख बरोबर, वारा बरोबर, दोऱ्यासुद्धा बरोबर. जहाज पाण्यावर कसं ऐटीत तरंगत होतं!

त्या दुपारी आयझॅकची बायको टॅमर जेबेझच्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे, ओठ पांढरे.

"जेब, तुझ्या चित्रात जहाज हलकं आहे. म्हणजे माझा इझी पीतच होता का रे? तीस वर्षं त्याच्या शेजारी निजले मी. मला कधी वास आला नाही. आता मला माझ्याच नाकाची खात्री वाटेना."

"उद्या मी जबानी देतो," एवढंच जेबेझ म्हणाला.

सोपं नव्हतं ते. गावात त्याला जी काही किंमत होती, ती त्या मोजून घेतलेल्या दोऱ्यांची होती. तरी दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत उभं राहून त्याने सांगितलं, "पाणी कठड्याला टेकायचंच बाकी होतं. जहाज मी उचलून काढलं. आम्ही सगळेच काढतो."

"म्हणजे सहीनिशी खोटं काढता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तेवढंच खोटं. बाकी सगळं खरं."

"आणि मृत कप्तान तुमचा मित्र होता?"

"हो."

"तेव्हा मालकासाठी खोटं बोललात. आज मित्रासाठी बोलत नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?"

जेबेझची जबानी बाजूला ठेवली गेली. निकाल लागला: कप्तानाचा निष्काळजीपणा.

टॅमर बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. जेबेझ तिच्याजवळ गेला. आपल्याकडून होईल ते आपण केलं, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर दोन बऱ्या शब्दांची आशाही होती.

"कुणी ऐकलं नाही गं," तो म्हणाला.

"मी ऐकलं." तिने शाल घट्ट ओढली. "म्हणजे त्या दिवशी तुला दिसलं होतं."

"हो."

"इझीला निघायला नाही म्हणता आलं नसतं, करार मोडला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं असतं. पण तू धक्क्यावर उभा होतास, जेब. तू एकदा ओरडला असतास, तर तुझं सगळ्यांनी ऐकलं असतं. तेव्हा ऐकलं असतं. का नाही ओरडलास?"

घाबरलो होतो, असं म्हणता आलं असतं. तिने कदाचित माफही केलं असतं. पण जेबेझ घाबरला नव्हता, आणि आता आणखी एक खोटं बोलायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

"मनात आलंच नाही, टॅमर," तो म्हणाला. "पाणी एवढं वर आलेलं पाहिलं, आणि मनात आलं ते इतकंच, की आज बोट जरा जाड धरावं लागणार."