माझा हात लागलेलं दही

मी आयटीआयमध्ये फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं शिकवते. मूळची अकोल्याची, नोकरी आणि संसार अमरावतीत. बाईमाणूस हे शिकवते याचं कॉलनीला आधी नवल वाटायचं, मग सोय वाटू लागली. कुणाच्या फ्रीजखाली पाणी साचलं, कुणाचा बर्फ जमेना, की मला हाक.

समोरच्या घरात नोकरीतून निवृत्त झालेले काका आणि काकू राहतात. त्या मे महिन्यात त्यांच्या फ्रीजचा खालचा भाग थंड होईना. दूध नासत होतं, आणि वर फ्रीजरमध्ये मात्र दगडासारखा बर्फ. एक मेकॅनिक येऊन "गॅस गेला, कॉम्प्रेसर बदला लागते" असं सांगून गेला होता. काकू फाटकात उभ्या राहून हे शेजारणीला सांगत होत्या, ते मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गॅस गेला असता तर वर एवढा बर्फ जमला असता का? म्हाताऱ्या माणसांना असं फसवायचं? त्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले.

काकूंना सांगितलं, प्लग काढा, सामान बाहेर काढा, दोन्ही दारं उघडी टाका, खाली जुने टॉवेल अंथरा आणि उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. सुरीनं बर्फ खरवडू नका. आतली नळी फुटली तर मग खरंच गॅस जाईल.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले ती सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात. पेचकसानं स्क्रू काढून फ्रीजरच्या आतलं मागचं झाकण खोललं. वितळलेलं पाणी जिथून बाहेर जातं ते छिद्र मटारच्या सालींनी आणि गाळानं बंद झालं होतं. पाणी तिथंच साचायचं, पुन्हा गोठायचं, आणि गार हवा खाली उतरायची वाट बुजायची. एवढंच दुखणं. मी कोमट पाण्यानं पिचकारी मारून छिद्र मोकळं केलं, कप्पे पुसले, दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं धुतलं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. घट्ट बसली होती.

टेबलाच्या अगदी काठावर दह्याचं भांडं होतं. पडेल म्हणून मी ते आत सरकवलं.

"आजच लावलं मॅडम," काकू म्हणाल्या. "कसं घट्ट लागलं पाहा."

घरी आले तर पेचकस तिथंच राहिलेला. दहा मिनिटांत परत गेले. काकू मागच्या अंगणात होत्या. मी पुसून लावलेले कप्पे टबात बुडवलेले, आणि काकू ते घट्ट दही नालीत ओतत होत्या.

"खराब झालं होतं," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या.

आम्ही बौद्ध आहोत हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. मी पेचकस उचलला आणि निघून आले. घरी येऊन मात्र नवऱ्यावर ओरडले, कशावरून ते आता आठवतही नाही. मग दह्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले हे नवीन हाय का?"

नवीन नव्हतं. म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. माझा हात फ्रीजच्या पोटात चालतो, पण दह्याच्या भांड्याला चालत नाही! आणि मी तोंड शिवून घरी आले, याचा राग तर काकूंवरच्या रागापेक्षा मोठा होता. वर्गात पोरांना शिकवताना मध्येच तो टब डोळ्यांपुढे यायचा.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायला दोन दिवस होते तेव्हा काकूंची हाक आली. फ्रीजखाली पाणी, घरात सामान भरलेलं, पाहुणे यायचे. "मॅडम, जरा येता का?"

मी गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची ओढली आणि बसले.

"काका, तुम्ही या. मी सांगते, तुम्ही करा."

"मले नाही जमत हो," काका हसले.

"तुमीच करा ना," काकू म्हणाल्या. "तुमच्या हाताले सवय हाय."

"नाही काकू. मागच्या वेळी माझा हात लागलेलं दही तुम्ही नालीत ओतलं. कप्पे पुन्हा धुतले. या वेळी एवढं सामान कुठं ओतणार?"

माझा आवाज चढला होता. काकांचं हसू गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "काय म्हणून राहिल्या ह्या?"

"आमच्या घरी देवाचं असते सगळं," काकू पुटपुटल्या. "म्हणून टाकलं. ह्यायच्यामुळे नाही काही."

"मग कोणामुळे?" मी विचारलं.

काका कामाला लागले. प्लग काढा. झाकणाचे चारही स्क्रू वाटीत ठेवा. पाणी कोमट, उकळतं नको. हळू. त्यांच्या हातून एक स्क्रू फ्रीजखाली गेला, शर्ट भिजला. मला दया आली नाही. आली असती तर उठून मीच केलं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. तासाभरानं पिचकारीचं पाणी गुळगुळ आवाज करत खाली उतरलं.

"चहा घेता?" काकांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत ओशाळेपणा होता.

"नाही," मी म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर काकू माझ्याशी बोलत नाहीत. सरकारी नोकरीचा माज आला आहे, असं त्यांनी दोघी-तिघींना सांगितलं, ते माझ्या कानावर आलं. येऊ दे. काका मात्र परवा फाटकापाशी थांबले. दाराचं रबर सैल वाटतं म्हणाले. मी कागदाची पट्टी कशी ओढून पाहायची ते रस्त्यातूनच सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि "बरं" एवढंच म्हणून आत गेले.

मला वाटतं, त्यांना माफी मागायची होती. ती मागायची तर मोठ्यानं मागावी, बायकोसमोर मागावी. फाटकापाशी पुटपुटलेली मला नको आहे.