दुबई ते मुंबई, तीन तास

मीरा रोडला विमानाच्या तिकिटांचं दुकान टाकून मला अठरा वर्षं झाली. स्वतः विमानात बसलोय फक्त दोनदा! पण "किती तास लागतात?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता कंटाळाही येईनासा झालाय. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, काउंटरवर धूळ साचते तसे साचतात.

सगळ्यात नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे उत्तनच्या मार्सेलीन मावशी. तिकीट एकही काढलेलं नाही! दर मंगळवारी सुके बोंबील विकायला इकडे येतात, टोपली माझ्या दारात उतरवतात आणि विचारतात, "दुबईवरनं येवाला किती तास लागतान, बाला?" एकुलता एक मुलगा सेबी तिथे नोकरीला. सहा वर्षांत घरी आलेला नाही. दरवेळी फोनवर म्हणतो, पुढच्या वर्षी. मी सांगतो, "तीन तास, मावशी." त्या मान हलवतात आणि टोपली उचलतात.

*

आमच्या बिल्डिंगमधले शाहभाई दुबईचं तिकीट हातात घेऊन भांडायलाच आले. "जाते टाइम पौने दो घंटा, आते टाइम साढ़े चार? रास्ते में चढ़ाई है क्या?"

तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "समझ गया. मतलब जाना ही अच्छा है!"

*

पेणकरपाड्याचे कांबळे सर, रिटायर्ड हेडमास्तर. भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाले. फ्लाइट दीड तासाची, म्हणून सर घरातून निघाले दीड तास आधी!

दहिसरच्या ट्रॅफिकमधून फोन. "अहो, आत्ता डोक्यावरून एक विमान गेलं. आमचं असेल का हो?"

"नसेल, सर," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

*

एका नव्या जोडप्याने गोव्याहून परतीचं तिकीट स्वतःच मोबाइलवर काढलं, थेट नवी मुंबईच्या विमानतळाचं. नवीन आहे ना, बघू तरी! उतरल्यावर मला फोन. "काका, तासाभरात आलो. आता मीरा रोडला कसं यायचं?"

मी रस्ता सांगितला. पलीकडे बायकोचा आवाज आला, "गोवा जवळ होतं!"

*

गेल्या मंगळवारी सकाळपासून सर्व्हर बंद, फोनवर तिघांच्या शिव्या खाऊन झालेल्या. त्यात मावशींनी टोपली उतरवली. "किती तास, बाला?"

माझं डोकंच सटकलं. "तीनच तास, मावशी! सहा वर्षं झाली, तीनच तास!"

बोललो आणि लगेच लाज वाटली. मावशी मात्र शांत होत्या.

"उत्तनवरनं तुज्याकडं येऊन परत जावाला पन मला तीनच तास लागतान," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून कोरा करकरीत पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला.

मी तो उघडून पाहिला. फोटोत त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. "जायचं-यायचं दोन्ही काढू ना?"

"हां. जावाचं एक," टोपली डोक्यावर चढवत मावशी म्हणाल्या, "येवाचं दोन."