फरशीच्या पाठीवरचे शब्द

पूल ओलांडून झाला तरी ती परीक्षेबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिची परीक्षा आटोपून आम्ही दोघी परत निघालो होतो. बस डोळ्यांदेखत सुटली आणि पुढची दोन तासांनी होती. "चालूया का काकू?" एवढंच म्हणाली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. आठ किलोमीटर. माझे गुडघे काय म्हणत होते ते देवाला ठाऊक, पण मी मुकाट्याने मागे चालत राहिले. परीक्षेहून आलेल्या आणि दवाखान्यातून आलेल्या माणसाला आपण होऊन काही विचारू नये, असं माझी आई म्हणायची.

आमचा फरश्यांचा कारखाना. तिथे तिला सगळे टिचकी म्हणतात. भट्टीतून निघालेली प्रत्येक मोठी फरशी सरकत्या पट्ट्यावरून तिच्यापुढे येते. ती लाकडी दांडीने एकदा ठोकते आणि कान देते. चांगली फरशी खणखणीत वाजते, तडकलेली बद्द. आपल्याला शोधून सापडणार नाही असा केसाएवढा तडा तिला ऐकू येतो. बारा वर्षं हेच काम. चहाचा कप पुढे आला तरी आधी टिचकी मारणार, मग पिणार, म्हणून हे नाव पडलं. मी तिच्या शेजारी खोकी भरते. तिने पास केलेली फरशी मी खोक्यात घालायची.

काही वर्षांपूर्वी आमची नवी भट्टी बसवायला चीनमधून एक म्हातारा मिस्त्री आला होता. तीन महिने राहिला. त्याला आमची भाषा येईना, आम्हाला त्याची. पण ही फरशी ठोकायला लागली की तो काम सोडून जवळ येऊन उभा राहायचा. जाताना त्याने आपला चहाचा कप हिला दिला. चिनीमातीचा, निळसर हिरवा, साधासाच. देताना त्याने कपाला नखाने टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत एक बोट वर धरून ठेवलं. बोट बराच वेळ वर होतं. मग म्हणाला, "थिंग." म्हणजे ऐक. हा तिचा पहिला चिनी शब्द.

त्या दिवसापासून या बाईला वेड लागलं. असा आवाज कुठल्या मातीतून येतो, वरची झिलई कशी चढवतात, आपल्या फरशीतून तो का निघत नाही? नोकरी सांभाळून ती बाहेरून बी.एस्सी. झाली. मग शोधून काढलं की तिकडच्या एका विद्यापीठात या विषयातली वरची पदवी आहे, आणि शिष्यवृत्तीही. पण सगळं शिकवणं चिनीतून. प्रवेशाआधी भाषेची पाचव्या पातळीची परीक्षा द्यायची आणि तीनशेपैकी एकशे ऐंशी गुण मिळवायचे. आणि वय पस्तीसच्या आत हवं.

ती आता चौतीस संपवतेय. मागल्या वर्षी एकशे एकाहत्तर मिळाले होते. म्हणजे ही शेवटचीच खेप.

तिचे वडील जुन्या भट्टीवर होते, आता घरी असतात. ते म्हणायचे, "अगं, चिनीमातीची पोती आपल्या गोदामात पडलीत. ती बघायला चीनला कशाला जायला हवं?"

"पोती बघायला नाही जायचंय, बाबा."

"मग? तिकडे जाऊनही फरश्याच ठोकणार ना?"

"हो. पण तिथे कळेल तरी, का वाजते ते."

असं ती म्हणाली की ते पेपर डोळ्यांपुढे धरायचे. पण रोज सकाळी तिच्या आधी उठून चहा तेच ठेवायचे, हेही खरं.

पाचव्या पातळीला अडीच हजार शब्द लागतात. मी मराठी शाळेतली. इंग्रजी माझ्याकडे पाचवीत आलं आणि दहावीत निघून गेलं, तिथे चिनीची काय कथा! पण तिने वहीत एकीकडे मराठी अर्थ आणि दुसरीकडे देवनागरीत उच्चार लिहून मला दिले. कामावर जाताना चाळीस मिनिटं चालायचं असतं. मी विचारायची, ती सांगायची, चुकली की मी "हं हं" करायची. मास्तरीण झाले मी उतारवयात.

कामावर वही चालत नाही. म्हणून तिने युक्ती काढली. तडकलेल्या फरशीच्या पाठीवर, जिथे झिलई नसते, भट्टीच्या काळ्या खडूने डोक्यात न बसणारा एकेक शब्द लिहायचा आणि ती फरशी टेबलाखाली उभी करून ठेवायची. पट्टा थांबला की खाली वाकून बघायचं. अशा बावीस फरश्या साठल्या होत्या.

माझं चुकलं ते इथे. काम करताना मी मनातल्या मनात देवाचं नाव घेते. हात आपोआप चालतात. एका सकाळी ती आली नव्हती, वडिलांना तपासायला नेलं होतं. तिच्या जागी बदली बाई होती, पट्टा जोरात होता, आणि माझ्या हातांनी टेबलाखालच्या बावीसही फरश्या उचलून खोक्यांत भरल्या. गाडी गेली. मला पत्तासुद्धा नाही.

दहा दिवसांनी सुपरवायझर फोन नाचवत आले. "हा काय प्रकार आहे? गिऱ्हाईक म्हणतंय, तडकलेल्या फरश्या पाठवल्यात आणि मागे जादूटोणा लिहिलाय! अर्ध्या फरश्या स्वयंपाकघरात बसवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं."

टिचकीने फोटो पाहिला. "जादूटोणा नाही साहेब. हा 'अर्ज' आहे. हा 'पदवी'. आणि हा 'उशीर'."

"आता मला शिकवतेस?"

"माझीच चूक आहे," मी म्हटलं. ते आम्हा दोघींवर भरपूर ओरडले, फरश्या बदलून दिल्या, प्रकरण मिटलं. बसवलेल्या मात्र त्या घरवाल्यांनी उखडू दिल्या नाहीत. पुन्हा धूळ कोण काढणार, म्हणाले.

मला वाटलं ही माझ्यावर चिडेल. संध्याकाळी चालताना म्हणाली, "काकू, अकरा शब्द कुणाच्या तरी घरात कायमचे राहायला गेले. मी अजून इथेच."

मी रस्त्याच्या कडेला थांबून चप्पल झटकली. खडा नव्हता त्यात.

तर परीक्षेच्या दिवशी. पुलानंतर एक कोरडा कालवा लागतो, त्याच्या कडेने ती एकदम बोलायला लागली.

"वाचायचं बरं गेलं. लिहायचंही. ऐकायचं घालवलं मी."

"तुझं? ऐकायचं?"

"एकदाच ऐकवतात, काकू. एक बाई बोलत होती, कुठल्याशा घर बदलण्याविषयी. काय आवाज होता! कपासारखा. कुठे चीर नाही, शेवटपर्यंत सलग. मी आवाजच ऐकत बसले. अर्थ निघून गेला. भानावर आले तेव्हा पुढचा प्रश्न सुरू झाला होता. चार गेले, कदाचित पाच."

"बारा वर्षं फरश्या ठोकल्यास, त्याचं हे फळ," मी म्हटलं. ती हसेल असं वाटलं, आणि हसलीही. मग ओढणीने नाक पुसलं.

"चार-पाच प्रश्नांनी काय होतं? पण मागल्या वर्षी नऊच गुण कमी पडले होते," ती म्हणाली. हे तिने मला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

देवाच्या मनात असेल ते होईल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. देवाशी माझं जे बोलणं होतं ते मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसून करून घेतलं होतं, आणि त्यात मी तिच्यासाठी जे मागितलं होतं ते मला नको होतं. ही गेली की सकाळची चाळीस मिनिटं मी कुणाशी बोलणार? तरी मागितलं.

आज हे लिहितेय तेव्हा निकालाला नऊ दिवस आहेत. कामावरच्या माझ्या खणात दोन फरश्या ठेवल्यात, एक चांगली, एक तडकलेली. खण उघडताना हात चुकू नये म्हणून तडकलेलीला दोरी बांधलीय.

त्या ठेवायचं ठरलं ते स्टेशन दिसायला लागलं तेव्हा. ती थांबली आणि तिने पर्समधून एक चिठ्ठी काढून मला दिली. परीक्षेचा नंबर आणि परवलीचा शब्द होता.

"निकाल फोनवर येणार. तो तुम्ही बघायचा. मी नाही."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"आकडे कळतात ना? एकशे ऐंशी. बघा, आणि मला काही सांगू नका. तुमचं तोंड बघून मला आधीच कळेल, म्हणून मी पाठमोरी उभी राहीन, पट्ट्याकडे तोंड करून. तुम्ही फक्त एक फरशी घ्या, झालं असेल तर चांगली, नसेल तर दुसरी, आणि माझ्या दांडीने ठोका. एकदाच ठोका, काकू. मी ऐकेन."